हिमालयन ४११ देऊन ४५० घेऊ का? आधी वहिनींना मागं बसवून कुंभार्ली घाट चढा

पत्र असं आलंय (थोडं कापलंय, नाव त्यांच्याच सांगण्यावरून गाळलंय):

"ताई नमस्कार. मी कराडचा, वय ४४, पतसंस्थेत नोकरीला. माझ्याकडं २०१८ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ आहे, बीएस४, ६३ हजार किलोमीटर झालेत. गाडीनं कधी दगा दिला नाही पण आता चढाला दम लागतो, बायको मागं असली आणि पुढं उसाची ट्रॉली आली की ओव्हरटेक करायला धीर होत नाही. ग्रुपमध्ये चौघं आहोत, दोघांनी नवी ४५० घेतली, एकाकडं केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर. हायवेला तिघं भुर्रकन पुढं जातात आणि ढाब्यावर माझी वाट बघत चहा पितात. जूनमध्ये चौघंच स्पितीला जाणार आहोत. अक्षय्य तृतीयेला ४५० बुक करावी असं मनात आहे. शोरूमवाल्यानं ऑन-रोड पावणेचार लाखाच्या आसपास सांगितलं, जुनीचे एक्स्चेंजमध्ये ७५ हजार देतो म्हणतो. उरलेल्या तीन लाखाला तीन वर्षं साधारण पावणेदहा हजारांचा हप्ता बसतोय. जीएसटी कमी झालाय तर हीच वेळ आहे असं मित्र म्हणतात. बायको मात्र म्हणते, विकू नका, मला हीच बरी पडते. तिला पैशाची काळजी असणार. मुलगा बारावीत आहे. काय करू?"

दादा, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी मनात ४५० बुक करूनच टाकली होती तुमच्यासाठी, कारण मी स्वतः तेच केलंय. सहा वर्षं ४११ चालवली, ७१ हजार किमी, आणि २०२४ मध्ये ती विकून ४५० घेतली, त्यामुळं हा विषय निघाला की माझ्या तोंडून पहिलं "घ्या हो" असंच निघतं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वहिनींचं एक वाक्य खटकलं. पण त्यावर नंतर येते, आधी पैशाचं आणि मित्रांचं संपवू.

जीएसटी कमी झाला हे खरं, पण तुमच्या गाडीसाठी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर २८ चा १८ टक्के झाला, आणि ३५० च्या वरच्या गाड्यांवर आधी २८ अधिक ३ टक्के सेस असा ३१ होता तो सरळ ४० झाला. म्हणजे ४५० स्वस्त झालेली नाही, उलट चढलीय. २०२३ च्या नोव्हेंबरात गोव्यात लाँच झाली तेव्हा २ लाख ६९ हजारांपासून एक्स-शोरूम होती, आज तुम्हाला कुठला आकडा सांगितलाय तो बघताच आहात. त्यामुळं "हीच वेळ आहे" हे मित्रांचं म्हणणं डोक्यातून काढून टाका, अक्षय्य तृतीया दरवर्षी येते.

आता ढाब्यावर वाट बघणाऱ्या मित्रांबद्दल. राव, हा गाडीचा प्रश्नच नाही, हा ग्रुपनं गाडी कशी चालवायची याचा प्रश्न आहे. आम्ही काय करायचो, सगळ्यात हळू गाडी दोन नंबरला ठेवायची, म्हणजे पुढच्याला आरशात कायम तीच दिसते आणि त्याचा हात आपोआप आवरला जातो, आणि ज्याला रस्ता माहितीय आणि ज्याच्याकडं पंक्चरचं सामान आहे असा एकजण शेवटी. तुम्हाला शेवटी ठेवून तिघं पुढं पळत असतील तर तुम्ही ४५० घेतलीत तरी उद्या कुणीतरी याहून मोठी घेईल आणि परत तोच चहा. शिवाय कायद्यानं चारपदरी हायवेला दुचाकीची मर्यादा ८० चीच आहे, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी, आणि तुमचा रोजचा कागल-सातारा पट्टा तर सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनमध्ये किती वर्षं अडकलाय ते तुम्ही मला सांगा. १२० ला नेणार कुठं ही गाडी? टॉप स्पीडसाठी ४५० घेऊ नका, इतकंच म्हणते.

मग कशासाठी घ्यायची? त्याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे, उसाची ट्रॉली.

४११ चं इंजिन म्हणजे लाँग स्ट्रोक, दोनच व्हॉल्व्ह, हवेवर आणि ऑइलवर थंड होणारं, ताकद साधारण २४ हॉर्सपॉवर, पण ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क चार-साडेचार हजार आरपीएमलाच मिळतो. म्हणून ती खालून बैलासारखी ओढते, तिसऱ्यात टाकायची आणि विसरून जायचं. पण ७० वरून ९५ ला जायला जेव्हा घाई असते, समोरून टेम्पो दिसतोय, मागं माणूस बसलंय, दोन बॅगा आहेत, तेव्हा तिच्याकडं शिल्लक काही उरत नाही. हे तिचं म्हातारपण नाही, नवीन होती तेव्हाही ती अशीच होती, फक्त तेव्हा तुम्ही तिच्या प्रेमात होता. ४५० चं इंजिन वेगळ्याच जातीचं, ४५२ सीसी, लिक्विड कूल, चार व्हॉल्व्ह, डबल ओव्हरहेड कॅम, ८ हजार आरपीएमला ४० हॉर्सपॉवर आणि साडेपाच हजाराला ४० न्यूटन मीटर, वर सहावा गिअर. आणि वजन १९६ किलो, म्हणजे तुमच्या गाडीपेक्षा फार वेगळं नाही. तेवढ्याच वजनाला दीडपटीहून जास्त ताकद, तर ओव्हरटेक किती बदलेल याचा अंदाज घ्या. मला पहिल्यांदा जाणवलं ते निपाणीच्या पुढं, दोन कंटेनरच्या शेजारून जाताना, मी सवयीनं जीव मुठीत धरला होता आणि बघते तर कधीच पुढं आलेली.

पण एक सवय मोडावी लागते, ती कुणी सांगत नाही. ४११ वाल्यांचा हात आळशी झालेला असतो. ४५० तीन हजाराच्या खाली चौथ्या-पाचव्यात ओढायला गेलात की ती खडखड करते, नाखूश होते, गिअर खाली मागते. पहिले दोन महिने मी आंबोलीत प्रत्येक वळणाला चुकीच्या गिअरमध्ये असायचे आणि वाटायचं की हे काय घेऊन बसलो, माझी जुनीच बरी होती. मग एकदा डोक्यात बसलं की हिला फिरतं ठेवायचं, एक गिअर खाली ठेवायचा, आणि तिथून पुढं मजा. ज्यांना ही मजा नकोय, ज्यांना ते खालून धकधक ओढणंच आवडतं, त्यांनी ४५० घेऊन दुःखी होऊ नये. त्यांच्यासाठी स्क्रॅम ४४० आहे, तुमच्याच इंजिनाचा बोअर वाढवून ४४३ सीसी केलेलं, सहा गिअर, पण पुढचं चाक २१ ऐवजी १९ चं आणि ताकद पंचविशीच्या आसपासच. ट्रॉलीचा प्रश्न त्यानं फारसा सुटणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंय चढाला दम लागतो. ६३ हजार किमीच्या गाडीला दम लागतोय तर आधी बघा की दम कशाचा आहे. चेनसेट शेवटचा कधी बदलला? क्लच प्लेट कधी? एअर फिल्टर? टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट कधी केले? मी माझी ४११ विकताना हाच गाढवपणा केला, दीड वर्ष तिच्यावर खर्च टाळला, "आता विकायचीच आहे ना" म्हणून, आणि मग त्या दमलेल्या गाडीवरून उतरून शोरूमच्या कोऱ्या करकरीत डेमोवर बसले. कुठलीही नवी गाडी त्या दिवशी जिंकलीच असती. विकायच्या आधी गिऱ्हाईकाला बरी दिसावी म्हणून मी चेनसेट, कोनसेट (हँडलचे बेअरिंग), क्लच प्लेट, पुढचं फोर्क ऑइल, ब्रेक पॅड हे सगळं करून घेतलं, आणि विकायच्या आदल्या दिवशी ती चालवली तर राव डोळ्यात पाणी यायचं बाकी. हँडल हलकं, चढ सरळ, पिकअप परत आलेला. पण सांगलीचा पोरगा पैसे घेऊन दारात उभा होता.

तुम्ही ते आत्ताच करा. तुमच्या ओळखीच्या फिटरकडं, टायर सोडून दहा-बारा हजार, टायरसकट वीसच्या आसपास जातील असं धरा. ते पैसे वाया जात नाहीत, ठेवलीत तर गाडी तुमची, विकलीत तर किंमत वाढून मिळते, कारण घेणारा चेन आणि टायर बघूनच पाच-दहा हजार कापत असतो. आणि एक फुकटचं काम, मागच्या शॉकअपचं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण. तुमच्या गाडीला ते अ‍ॅडजस्ट होतं, आणि मी पैज लावते की शोरूममधून आल्यापासून कुणी हात लावला नसेल. डबलसीट जाताना दोन-तीन खाचे वाढवा, मागं बसणाऱ्याला आणि वळणात तुम्हाला दोघांनाही फरक कळतो.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, कारण २०१८ ची गाडी आहे. आता पंपावर सगळीकडं ई२० च मिळतं, मायलेज थोडं पडतं, तो दमाचा एक छोटा भाग असू शकतो. पावसाळ्यात गाडी महिनामहिना उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. फ्युएलच्या रबरी नळ्या सर्व्हिसला बघून घ्यायला सांगा.

आता वहिनी.

तुम्ही लिहिलंत "तिला पैशाची काळजी असणार." तिनं असं म्हटलं का? तुमच्याच पत्रात ती म्हणते, मला हीच बरी पडते. दादा, हे गाडीबद्दल बोलणं आहे हो, हप्त्याबद्दल नाही. तुमच्या गाडीची सीट ८०० मिलिमीटर. ४५० ची ८२५, वर केली तर ८४५, आणि ८०५ ची लो सीट वेगळी मिळते. मी पाच फूट दोन इंच आहे, मला तो एक इंच काय असतो ते विचारा, मी लो सीट टाकल्याशिवाय गाडी सिग्नलला धरू शकत नव्हते. मागच्या सीटवर साडीत किंवा पंजाबीत, फूटरेस्टवर पाय देऊन, मागं बॅग बांधलेली असताना पाय पलीकडं टाकून चढणं, हे चालवणाऱ्याला कधी कळतच नाही, कारण आपण तोपर्यंत हँडल धरून "बसलीस का, बसलीस का" करत असतो. गुडघे दुखत असतील, सीट टोचत असेल, जुन्या गाडीला तिचा हात कुठं धरायचा ते ठरलेलं असेल. आणि मजा बघा, तुम्ही ही गाडी घेताय कुणासाठी? स्पितीला तर चौघं एकेकटेच जाणार. डबलसीटच्या ओव्हरटेकसाठी घेताय. म्हणजे पावणेचार लाख ज्या सीटसाठी जाणार आहेत त्या सीटवर बसणाऱ्या माणसाला तुम्ही अजून विचारलंच नाही.

तर शोरूमच्या टेस्ट राइडला जाऊ नका, म्हणजे जा, पण त्यावर ठरवू नका, दोन किलोमीटरच्या चक्करमध्ये काही कळत नाही. ग्रुपमधल्या एकाची ४५० एका रविवारी मागून घ्या, त्याला तुमची द्या (सर्व्हिस करून आणलेली, म्हणजे तोही गप्प होईल). वहिनींना मागं बसवा, नेहमीच्या बॅगा बांधा आणि कराड-पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली उतरून चिपळूणला जेवा आणि तोच घाट चढून परत या. चढताना गिअर कसे मागते ते तुम्हाला कळेल, उतरताना सीटवर पुढं घसरायला होतं का ते त्यांना कळेल. दुपारी चिपळूणच्या गर्दीत रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा पायावर येते, हे लिक्विड कूलच्या बहुतेक गाड्यांचं असतंच, पण सवय नसली की दचकायला होतं. परत आल्यावर त्यांना "कशी वाटली" विचारू नका, त्यावर "बरी आहे" एवढंच येतं. विचारा, पाठ कुठं दुखतेय, चढायला त्रास झाला का, परत दोनशे किलोमीटर बसशील का. त्यांनी हो म्हटलं तर माझ्याकडून ४५० घ्या, बिनधास्त, आणि लो सीटचं त्याच दिवशी बघा.

पण जूनच्या आधी नको. स्पितीला ४११ च न्या. होय, ताकदीचं गणित ४५० च्या बाजूनं आहे हे मला माहितीय. स्पितीच्या वाटेवरच्या कुंझुम खिंडीला साडेचार हजार मीटर उंची, तिथं हवा समुद्रसपाटीपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त विरळ, त्यामुळं ४० हॉर्सपॉवरचे साधारण २५ उरतात आणि तुमच्या २४ चे १५. म्हणजे कुंझुमवर ४५० जेवढा जोर लावते तेवढा तुमची गाडी कराडात लावते. डबलसीट जाणार असता तर मी वेगळं बोलले असते. पण एकटे जाताय, तिथल्या रस्त्यावर कुणी ४० च्या वर जात नाही, आणि खालून ओढणारं इंजिन, आठ वर्षांची ओळख, कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला नवा हे कान सांगतात, हे सगळं तिथं जास्तीच्या दहा हॉर्सपॉवरपेक्षा जास्त कामाला येतं. नवी घेतलीत तर दोन महिन्यांत पहिली सर्व्हिस ५०० किमीला, रन-इन (नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवणं), नवीन गिअरची सवय, शिवाय तुमचा बॅगा अडकवायचा जुना सॅडल स्टे आणि क्रॅश गार्ड तिला बसत नाहीत, फ्रेमच वेगळी आहे, ते सामान नव्यानं घ्या म्हणजे अजून वीस-पंचवीस हजार. हे कुणी ऑन-रोडमध्ये धरत नाही. मी धरलं नव्हतं. मनालीकडून जाणार असाल तर जूनच्या सुरुवातीला कुंझुम उघडलाय का ते बघूनच ठरवा, नाहीतर सिमला-किन्नौरकडून काझाला जा, चढ हळूहळू होतो, डोकंही कमी दुखतं. रेल्वे पार्सलनं गाडी पाठवणार असाल तर टाकी रिकामी लागते आणि आरसीची कॉपी जवळ ठेवा.

मग परत आल्यावर, पावसाळ्यात, शांतपणे विक्रीचं बघा. ७५ हजार मला कमी वाटतात, बाहेर विचारून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. एक्स्चेंज सोपं असतं हे खरं, त्या सोपेपणाचेच ते पैसे कापतात. बाहेर विकलीत तर फॉर्म २९ आणि ३०, आणि कर्ज होतं तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५, तुम्ही पतसंस्थेत आहात तुम्हाला काय सांगायचं. २०१८ ची आहे म्हणजे एचएसआरपी नंबर प्लेट बसवून घेतली नसेल तर ती आधी, नाहीतर आरटीओत काम अडतं. आणि ट्रान्सफर झालेली आरसी ऑनलाइन दिसेपर्यंत विषय संपला असं समजू नका, माझ्या मोबाईलवर सांगलीच्या सिग्नलची दोन चलनं आली होती, पोरगा विनाहेल्मेट, हसरा फोटो.

इन्शुरन्सचं एक लोक हमखास विसरतात. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि जुनी विकताना कंपनीकडून त्याचं लेटर घेतलंत तर तो नव्या गाडीच्या ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमला लावता येतो, तीन वर्षांपर्यंत. शोरूमचा माणूस हे आपणहून सांगत नाही. कोटेशन हातात आल्यावर पहिली ही ओळ बघा.

हप्त्याचं तुमचं तुम्ही बघा, पावणेदहा हजार गुणिले ३६ म्हणजे तीन लाखाचे साडेतीन होतात, आणि त्याच तीन वर्षांत मुलाची अ‍ॅडमिशन आहे. मी असते तर सहा महिने थांबून तो हप्ता आत्तापासूनच बाजूला टाकत गेले असते, आरडी म्हणा, तुमच्याच पतसंस्थेत. सहा महिन्यांत साठेक हजार जमतात, आणि दर महिन्याला ते बाजूला काढताना दुखतंय की नाही तेही कळतं.

घेताना मात्र एकच हट्ट करा, ट्यूबलेस रिम. तारांचीच चाकं, पण ट्यूबलेस. बाकी रंग, टीएफटी स्क्रीनवरचा गूगल मॅप, हे सगळं कौतुक दोन महिन्यांचं, आणि तो मॅप चालवायला फोन खिशात तापत असतो ते वेगळंच. ट्यूबलेसला दहा मिनिटांत वात घालून हवा भरून माणूस पुढं निघतो. तुमच्या आत्ताच्या गाडीला ट्यूब आहे, आणि स्पितीत काझा सोडलं तर पंक्चरवाला शोधत बसावं लागेल. म्हणून निघायच्या आधी टायर लिव्हर, दोन्ही साइझच्या ट्यूबा आणि छोटा पंप घ्या आणि घरच्या अंगणात मागचं चाक एकदा काढून बसवा, घड्याळ लावून. मला पहिल्यांदा पावणेदोन तास लागले होते, नवी ट्यूब लिव्हरनं चिमटून फाडली ती वेगळीच, आणि शेजारचे काका सुरुवातीपासून शेवटपर्यंत खुर्ची टाकून बघत बसले होते.